नेराची जीभ

पाइनच्या झाडांखालून सुरवंटांची रांग चालली होती, एकाच्या मागे एक, चिकटून. मी ती पाहिली खरी, पण पट्टा आखडून धरण्याआधीच नेराने जीभ लावली होती.

नेरा ही कुत्री माझी नव्हे, शेजारच्या येर्कोची. त्याचा गुडघा सुजला की मी तिला फिरवून आणतो. बायको गेल्यापासून त्या घरात त्याला दुसरं कुणी नाही.

अंगणात पोचेपर्यंत तिच्या तोंडातून फेस गळत होता. जीभ सुजून बाहेर लोंबत होती आणि ती पंजांनी तोंड ओरबाडत होती.

"काय खायला घातलंस रे मास्तर?" येर्को ओरडला.

"सुरवंट. चाटला तिनं."

तो लंगडत आत गेला आणि फडकं अन् रकियाची बाटली घेऊन आला. आमच्या बेटावर ही दारू प्यायची कमी आणि चोळायची जास्त. ताप असो, दाढ असो, गुडघा असो.

"डोकं धर. विष चोळून काढतो."

मी कुठेतरी वाचलं होतं: त्या सुरवंटाचे केस जिभेत रुततात, चोळले की मोडतात आणि विष आणखी पसरतं. नुसतं कोमट पाणी ओतायचं. पण हेच वाचलं होतं ना? की हे दुसऱ्याच कुठल्या किड्याबद्दल होतं?

"चोळू नकोस," मी पुटपुटलो.

"काय?"

"चोळायचं नाही! कोमट पाणी आण."

"माझ्या बापानं कुत्री सांभाळली, आज्यानं सांभाळली. तुझ्या बापानं काय सांभाळलं? पुस्तकं?"

फडकं तिच्या तोंडापाशी आलं. मी त्याचं मनगट धरलं. रकिया माझ्या बाहीवर सांडली.

"आणि मेली तर?" तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता.

"तर माझ्यामुळे."

त्यानं फडकं फेकलं. मग तो कोमट पाण्याची किटली आणायला गेला.

भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून मी तिचं तोंड खाली धरलं, तो धार सोडत राहिला. तिचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. येर्कोनं पलीकडच्या किनाऱ्यावरच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"चोळलं तर नाही ना?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

येर्को माझ्या ओल्या बाहीकडे बघत म्हणाला, "नाही."

"मग पहिल्या बोटीनं निघा. इंजेक्शन लगेच द्यायला हवं."

दक्षिणेचा वारा चढत होता. बोटवाला दोर सोडायच्या बेतात असताना आम्ही नेराला हातगाडीवर घालून धक्क्यावर पोचलो. भर लाटांत येर्को तिच्या नाकापाशी तळहात धरून बसला होता. मधूनच तिचा श्वास थबके, आणि मलाही श्वास घेववत नसे.

नेरा वाचली. जिभेचं टोक मात्र काळं पडून गळून गेलं. आता ती पाणी पिते तेव्हा अर्धं फरशीवर सांडतं.

परवा येर्कोनं कुंपणावरून पट्टा माझ्या हातात दिला.

"समुद्राकडून ने. झाडांकडे नाही. आणि वाचत चालू नकोस."

नेरानं सुरवंट चाटला त्या दिवशी माझ्या हातात पुस्तक नव्हतं. पण मी वाद घातला नाही. पट्टा मनगटाला दोनदा गुंडाळला आणि निघालो.