करुणामयाचं दुसरं नाव

काठमांडूला जायचं ठरलं तेव्हा मी चाळीस पानांची एक वही भरली. भरायला कोणी सांगितलं नव्हतं. नागपुरातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी चौतीस वर्षं पुस्तकं दिली आणि परत घेतली. देशाबाहेर कधी गेलो नव्हतो. परक्या शहरात मित्रांसमोर तोंड उघडायची वेळ आलीच, तर हाताशी काहीतरी लिहिलेलं असावं, एवढाच हेतू होता.

मित्र दोघे, शाळेपासूनचे. गोपाळराव वीज मंडळातून निवृत्त झालेला, राहायला नागपुरातल्याच इंदोऱ्यात. रुपराव नागपूरजवळच्या कुही गावचा, अजून धानाची शेती करतो. गोपाळची बायको अंजनाबाईही बरोबर आली होती. रुपरावच्या पंचफुलाने विमानात बसायला साफ नकार दिला होता.

"आपल्याले गाईड कायले पाहिजे गा?" रुपराव दिल्लीच्या विमानतळावरच म्हणाला. "पुस्तक्या आहे ना आपला."

पुस्तक्या म्हणजे मी.

गोपाळबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. १९५६च्या ऑक्टोबरात तो चार महिन्यांचा होता. त्याच्या आईने त्याला कडेवर घेऊन दीक्षाभूमीच्या मैदानावर बावीस प्रतिज्ञा म्हटल्या. मोठा झाल्यावर त्याने त्या स्वतःच्या तोंडाने म्हटल्या, आणि तेव्हापासून एकाही देवापुढे त्याने हात जोडलेले नाहीत. लग्नकार्यात नाही, ऑफिसातल्या पूजेत नाही. विशीत असताना एका घरी यावरून त्याला पंगतीतून उठवलं होतं. तो मुकाट उठला. रुपरावही आपलं पान तसंच टाकून त्याच्यामागे उठला. मीही त्या पंगतीत होतो. मी उठलो की नाही हे मला नक्की आठवत नाही, असं मी पुष्कळ वर्षं म्हणत आलो आहे. मी उठलो नव्हतो.

पहिला दिवस बौद्धनाथाचा. त्या प्रचंड पांढऱ्या स्तूपाभोवती अंजनाबाई पांढरं पातळ नेसून फिरली. गोपाळने खड्या आवाजात वंदना म्हटली. दोन तिबेटी म्हाताऱ्या थांबून ऐकत राहिल्या. रुपरावनेही हात जोडले.

"आम्हाले काय," तो म्हणाला, "जिथं दिसन तिथं जोडतो."

"तुमचं हात जोडणं फुकटचं आहे भाऊ," अंजनाबाई म्हणाली. "ह्यायचं तसं नाही." तिने गोपाळकडे पाहिलं.

रुपराव हसला. मीही हसलो, पण ते वाक्य वहीत लिहून ठेवायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही जुन्या बाजारात गेलो. पितळी भांड्यांची, मसाल्यांची, मण्यांच्या माळांची दुकानं एकमेकांना खेटून. माझ्या वहीप्रमाणे त्याच रस्त्यावर जनबहाल नावाचा जुना विहार होता. एक अरुंद दार ओलांडलं की आत फरसबंद अंगण, त्यात लहानमोठे चैत्य, कबुतरं आणि मधोमध सोनेरी छपराचं मंदिर. त्यात पांढऱ्या चेहऱ्याची मूर्ती.

मी वही उघडली. "हा करुणामय. म्हणजे अवलोकितेश्वर बोधिसत्त्व. करुणेची मूर्ती. भोवतीच्या चित्रांत याचीच एकशे आठ रूपं आहेत."

पुढची ओळही वहीत होती. माझ्याच अक्षरात, निळ्या शाईत: 'इथले हिंदू लोक याच मूर्तीला मच्छिंद्रनाथ म्हणून भजतात.' ती मी वाचली नाही. वही मिटली.

का मिटली, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. इतक्या वर्षांत माझे हे दोन मित्र एका मूर्तीपुढे शेजारी उभे राहिलेले मी कधी पाहिले नव्हते. एकदा पाहावंसं वाटलं. शिवाय पूर्ण सांगितलं तर प्रश्न येतील, गोपाळ काही बोलेल, रुपराव काही बोलेल, आणि मध्ये मी. मला असल्या मध्ये उभं राहायची फार भीती वाटते.

गोपाळने चप्पल काढली. त्याचे गुडघे दुखतात, तरी तो अंजनाबाईच्या खांद्याचा आधार घेत खाली वाकला आणि दगडावर डोकं टेकवलं. शेजारी रुपराव वाकला. मला फार बरं वाटलं.

अंजनाबाईने एका दिवेवालीकडून दिवे घेतले. ती बाई हिंदी बोलत होती. पैसे घेताना तिने कौतुकाने विचारलं, "मच्छिंद्रनाथ के दर्शन हो गये?"

"कोण?" रुपराव एकदम वळला. "मच्छिंद्रनाथ?"

"हाँ, सेतो मच्छिंद्रनाथ, सफेदवाले. यही तो हैं. बुद्धवाले करुणामय बोलते हैं."

रुपरावच्या घरी श्रावणात नवनाथांची पोथी लागते. त्याचा आनंद मावेना. "अरे, हे तं आमचे मच्छिंद्रनाथ निंघाले! इतक्या दूर येऊन बसले बाप्पा! गोपाळ, पाह्य गा, शेवटी तूनं बी हात जोडलेच की नाही नाथायले!"

त्याला टोमणा मारायचा नव्हता. तो पन्नास वर्षं करत आला तशी थट्टा होती. पण गोपाळ उठत होता तो अर्ध्यातच थांबला. कपाळाला धूळ लागली होती, ती त्याने पुसली नाही. चप्पल हातात घेऊन तो अनवाणीच अंगणाबाहेर गेला.

"काय बोलले भाऊ तुम्ही हे," अंजनाबाई म्हणाली. तिच्या हातातले दिवे तसेच, न पेटवलेले.

"मी काय वाईट बोललो वं वहिनी?" रुपराव कावराबावरा झाला. "मस्करी केली."

गोपाळ आम्हाला मसाल्याच्या दुकानांपलीकडे एका चहावाल्याच्या बाकावर सापडला. चौघांनी चहा घेतला. मग गोपाळच माझ्याकडे पाहून म्हणाला, "तुले मालूम नसन. जाऊ दे. चुकते माणूस."

"पुस्तकात नसनच लिहिलं," रुपराव घाईने म्हणाला. "पुस्तकवाल्यायले काय मालूम राह्यते."

दोघांनी मिळून माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं. नुसती मान हलवायची होती. मी आयुष्यभर 'बहुतेक', 'असावं', 'खात्री नाही' असंच बोलत आलो. आणखी एकदा तसं बोललो असतो, तर कोणालाही खोटं वाटलं नसतं.

पण गोपाळचं कपाळ माझ्यासमोर होतं. धूळ तशीच.

"मला माहीत होतं," मी म्हणालो.

"काय?"

मी वही उघडून त्याच्यापुढे ठेवली. त्याने चष्मा लावला, ती ओळ वाचली. पुन्हा वाचली.

"काहून नाही वाचलं?"

"तुम्ही दोघं एकत्र उभे राहाल असं वाटलं. छान दिसेल असं वाटलं."

"कोणाले छान दिसन?"

मी वही परत घ्यायला हात पुढे केला.

"तो करुणामय आहे का नाथ आहे, हे मी पाह्यलं असतं," गोपाळ म्हणाला. आवाज चढला नव्हता. "कदाचित जोडलेही असते. इथले बौद्ध जोडतेत ना, मंग माह्यं काय जाते. पण ते मी ठरवलं असतं. माहे हात आहेत ते. तूनं माह्या बदल्यात ठरवून टाकलं. लहानपणापासून लोकं माह्या बदल्यात ठरवून राहिले. तू बी त्यायच्यातलाच निंघाला."

तो उठून हॉटेलकडे चालू लागला. अंजनाबाई त्याच्यामागे गेली. जाताना तिने दिवे माझ्या हातात दिले, कारण आणखी कोणाच्या हातात देणार?

रुपराव आणि मी बसून राहिलो. "पुस्तक्या, तू ना," रुपराव म्हणाला आणि चहाचे पैसे द्यायला उठला.

त्या संध्याकाळी गोपाळ जेवायला खाली आला नाही. मी खोलीत परतीच्या तिकिटाची तारीख बदलता येते का ते बघत बसलो, आणि मला तेवढंही मोबाइलवर जमलं नाही.

सकाळी शेजारच्या पाटण शहरात जायची गाडी आधीच ठरवलेली होती. मी खाली उतरायचं नाही असं ठरवलं होतं. दारावर थाप पडली. अंजनाबाई होती.

"चला. हे गाडीत बसले आहेत."

"मी काय म्हणून येऊ?"

"तुमच्याशिवाय काय पाह्यचं तिथं? नुसते गोटे?"

गाडीत गोपाळ पुढे बसला होता. माझ्याकडे वळला नाही. पाटणच्या चौकात उतरलो तेव्हा ऊन कोवळं होतं. समोर दगडी शिखरांचं देऊळ, त्याच्यापुढे खांबावर गरुड. कबुतरांना दाणे टाकणारी माणसं. चौघे थांबलो. रुपराव माझ्याकडे पाहत होता, अंजनाबाई माझ्याकडे पाहत होती, गोपाळ देवळाकडे.

वही पिशवीत होती. मी काढली.

"हे कृष्णाचं देऊळ," मी वाचलं. "सतराव्या शतकातलं. वर भिंतींवर महाभारत आणि रामायण कोरलेलं आहे. हे हिंदू देऊळ आहे. बौद्ध इथे कोणत्या नावाने येतात का, ते मला पुस्तकात सापडलं नाही. पण मी सगळी पुस्तकं वाचलेली नाहीत. आणि वर फक्त हिंदूंना सोडतात असंही लिहिलं आहे."

"झालं?" गोपाळने विचारलं.

"झालं. वहीत एवढंच आहे."

"दाखव."

मी पान त्याच्यापुढे धरलं. त्याने चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, पान उलटून मागची बाजूही पाहिली. मग रुपरावला म्हणाला, "जा गा रुप्या. तुह्या देवाले भेटून ये. चप्पल ठेव इथं, माकडं नेतीन."

"इथं कुठं माकडं आहेत?"

"तू आला ना आता."

रुपराव हसत पायऱ्या चढला. गोपाळ एका चौथऱ्यावर बसला, रुपरावच्या चपला त्याने आपल्या पायाजवळ ओढून घेतल्या. अंजनाबाई कबुतरांसाठी दाणे आणायला गेली. मी उभाच होतो. शेजारी बसावं की नाही ते कळत नव्हतं.

"मी अजून रागावून आहे," गोपाळ देवळाकडे पाहतच म्हणाला.

"हो."

"नागपूरपर्यंत राहीन."

"हो."

त्याने चौथऱ्यावरची धूळ हाताने झटकली, माणूस बसेल एवढी जागा केली.

"महाभारतातलं कोणतं आहे ते वरचं? तो धनुष्यवाला कोण? नीट पाहून सांग."

मी बसलो, आणि डोळे बारीक करून वर पाहू लागलो.