अकराव्या पानावरची बाई

मित्रांनो, जांभळा झगा घालून उडणाऱ्या एका नायकाच्या कॉमिकचा मी जुना अंक आहे. हल्ली मला बघून कुणी 'अरे वा!' म्हणत नाही. पण एके काळी माझा थाट काही औरच होता.

ओहायोतल्या एका छापखान्यात स्वस्त, पिवळट कागदावर माझा जन्म झाला. मुलांनी वाचून वाचून माझ्या भावंडांच्या चिंध्या केल्या. उरलेल्यांना त्या मुलांच्या आयांनी कचऱ्यात घातलं. मी मात्र एका दुकानाच्या माळ्यावर, बंद खोक्यात विसरला गेलो, म्हणून टिकलो.

पुढे डेटन गावच्या मर्ना कोवाच यांनी मला विकत घेतलं. शाळेची बस चालवणाऱ्या या बाईंना जुन्या अंकांचं भारी वेड. हात धुऊन, कोरडे करूनच त्या मला उचलायच्या. पाठीला पुठ्ठा लावून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायच्या. लाड खूप केले, पण मला वाचलं मात्र कधीच नाही. उघडलं तर पानं जोडणारा माझा कणा दुमडेल, याची त्यांना धास्ती होती.

माझ्यावर चित्रकाराची सही घ्यायची आणि मला उत्तम गुण मिळवून द्यायचे, हे त्यांचं स्वप्न होतं. आमच्या जगात जुना अंक किती चांगला टिकलाय हे तपासून गुण देणारी कंपनी असते, आणि सही तिच्या साक्षीदारासमोरच व्हावी लागते. एरवी ती सही नव्हे, मुखपृष्ठावरचा डाग!

कॉमिकच्या मेळाव्यात तो योग आला. माझे चित्रकार लायल हॅवरकँप नव्वदीला टेकले होते. मला अगदी डोळ्यांजवळ धरून त्यांनी सही केली आणि विचारलं, "पोरी, जरा अकरावं पान उघडतेस? खिडकीत उभी आहे ना, ती माझी बायको, कोरा. ती गेली, आणि या अंकाची एकही प्रत माझ्याकडे उरली नाही. दिसतंय तोवर एकदा बघून घेतो."

मर्नाबाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. "सर, आत्ता नको ना. कण्याला सुरकुती पडली तर गुण जातील. पुढच्या वर्षी दुसरी प्रत आणते, नक्की!"

"पुढच्या वर्षी! माझा एवढा भरवसा माझे डॉक्टरही धरत नाहीत गं."

"मॅडम, मागे रांग आहे," असं म्हणत साक्षीदाराने मला ताब्यात घेतलं.

मला दहापैकी नऊ गुण मिळाले. कंपनीच्या पारदर्शक, कडक पेटीत कायमचा बंद होऊन मी मर्नाबाईंच्या भिंतीवर चढलो. शेजारीपाजारी मला बघायला येत आणि मी फुशारून जाई. बाई मात्र माझ्याकडे बघणं टाळू लागल्या होत्या. एक दिवस कळलं, हॅवरकँप आजारी आहेत. बाईंनी मला भिंतीवरून काढलं, पेचकस घेतला आणि थेट त्यांचं घर गाठलं.

दार त्यांच्या मुलीने, नॅडीनने उघडलं. "उशीर केलात हो," ती म्हणाली. "बाबांना आता उजेड-अंधार तेवढा कळतो."

मर्नाबाई क्षणभर उंबऱ्यातच थिजल्या. मग आत जाऊन त्यांनी पेचकस लावला आणि पेटी कडकन फोडली. पेटी फुटली की कंपनीची हमी संपते; त्यासरशी माझे नऊ गुण गेले, आणि सहीचाही डाग झाला.

"काय फोडलंस गं?" खाटेवरून आवाज आला.

"तुमचा अंक आहे, सर, मेळाव्यातला. अकरावं पान उघडलंय. तुम्ही विचारा, मी बघून सांगते."

म्हातारा आवाजाच्या दिशेने वळला. "केस कसे आहेत?"

"बांधलेत. एक बट सुटलीय."

"कानावर?"

"हो, कानावर. हातात बशी आहे, पुसतेय."

"आणि नाक? खरं सांग हं."

मर्नाबाई माझ्यावर वाकल्या. कुणी मला इतकं निरखून कधी पाहिलं नव्हतं. "थोडं वाकडं आलंय, सर."

"आलं नाही गं, होतंच वाकडं!" ते खदखदून हसले, आणि हसता हसता रडू लागले. बाईंनी त्यांचं बोट धरून त्या नाकावर टेकवलं.

ते बोट माझ्या कागदावर उमटलंय. आठवड्याभरात हॅवरकँप गेले.

मित्रांनो, आम्हाला जरूर जपा. आमच्यावर धूळ बसू देऊ नका, आमच्या कडा दुमडू नका. पण ज्याने आम्हाला घडवलं तो मागेल, तेव्हा आम्हाला त्याच्या हाती द्या. मेळाव्यात त्यांना अजून दिसत होतं. तिथेच ते एक पान उघडायला हवं होतं.