शेखची तान

आमची संस्था म्हणजे मी, अर्झकीदादा आणि डोंगरातल्या त्याच्या घराची गच्ची. काम एकच: मक्नीन पुन्हा रानात आणायचे. लाल तोंडाचा हा चिमुकला पक्षी आमच्या लोकांनी इतका जीव लावून पिंजऱ्यात घातला, की दरीतल्या झाडांवर एकही उरला नाही. प्रेमानं निर्वंश करावा तर आम्हीच.

पिंजऱ्यात जन्मलेल्या पिल्लांना रानातलं गाणं येत नाही. ते शिकवायला दादाकडे शेख होता, रानात जन्मलेला म्हातारा नर. तान घेता घेता तो मध्येच अडखळायचा, दोन टिचक्या वाजवल्यासारखा आवाज काढायचा आणि मग पुढे जायचा. पिल्लं सगळं शिकली, अडखळण्यासकट.

"खोडसुद्धा उचलली गं कार्ट्यांनी!" दादा म्हणायचा. बायको गेल्यापासून तो एवढ्यावरच हसायचा.

वसंतात आम्ही ती पिल्लं सोडली. काही दिवस दरीतून ती अडखळणारी तान यायची आणि दादा अंजिराखाली कॉफी थंड करत बसायचा. मग एकाएकी सगळं बंद झालं.

"वर गेले असतील, थंडाव्याला," मी म्हटलं.

"खोटं बोलताना तू नाक पुसतेस, ताऊस."

शुक्रवारी आम्ही खाली शहरात पाखरांच्या बाजारात गेलो. एका दुकानासमोर दादा थबकला. आतून शेखची तान येत होती. तेच अडखळणं, त्याच दोन टिचक्या. मग शेजारच्या पिंजऱ्यातून. मग वरच्या.

दुकानदार खुशीत होता. "काय गळा आहे, काका! एक सापडला, त्याला पिंजऱ्यात घालून झुडपात टांगला. तो गायला लागला आणि बाकीचे आपणहून डिंक फासलेल्या काड्यांवर येऊन चिकटले. बाप हाक मारतोय असं वाटलं असणार त्यांना."

मला वाटलं, दादा त्याची गचांडी धरेल. त्यानं फक्त पिंजऱ्याला बोट लावलं. आतला पक्षी टुणकन बोटाजवळ आला.

"तोंड धुतलंस का रे?" दादानं विचारलं. गच्चीवर तो रोज सकाळी हेच विचारायचा.

"तक्रार करू," परतताना मी चिडून म्हणाले.

"पोलिसाकडे? त्याच्याही गॅलरीत एक टांगलेला असेल."

आमची पावलं ऐकून गच्चीवर शेखनं तान घेतली. शेजारच्या पिंजऱ्यात या वर्षीची पिल्लं माना वाकड्या करून ऐकत होती. गाणं आलं नाही तर रानात त्यांना जोडीदार मिळणार नाही, आणि आलं तर काय होतं ते आम्ही आत्ताच पाहून आलो होतो.

दादानं बायकोची शाल आणली आणि शेखच्या पिंजऱ्यावर घातली.

"बास, बाबा. आता गप्प बस."

शेख नेहमीच्या जागी अडखळला आणि थांबला. तेवढ्यात शेजारच्या पिंजऱ्यातून, कच्च्या आवाजात, उरलेल्या दोन टिचक्या आल्या.

दादा मटकन खाली बसला आणि पोरासारखा रडला.