समोरच्या वसाहतीला विरोध

नळ खाकरला आणि आमच्या घरी भरलेल्या बैठकीतली शांतता मोडली.

"बघा, आत्ताच ही गत! समोर दाटीवाटीने दोनशे घरं झाली की आपण प्यायचं काय?" शेजारचे मास्तर म्हणाले. "आणि त्यांच्या गाड्या काय आपल्या डोक्यावर लावणार?"

मास्तरांच्या दोन्ही गाड्या आमच्या दारात असतात.

"वसाहतीला कोणाकोणाचा विरोध? हात वर!" मास्तरांनीच विचारलं.

सगळ्यांचे गेले, म्हणून माझाही गेला. नेमकी तेव्हाच नणंद चहा घेऊन आली. मास्तर बसले होते त्याच सोफ्यावर ती रोज झोपते. समोरच्या वसाहतीत तिने एका खोलीचं घर घेतलंय, हे फक्त आम्हा घरच्यांना ठाऊक होतं.

"वहिनी, एका हाताने कप धरता येईल ना?"

मांडीवरच्या लेकीने माझा वर केलेला हात खाली ओढला.

"आई, मग आत्याने राहायचं कुठे?"