लघवी हुंगणाऱ्या कुत्रीवरचा शोधनिबंध

गर्दी
(शोधनिबंधात असा भाग नसतो. माझ्या निबंधात होता.)

सकाळी सातपासून मिठागर ते आरोग्य केंद्र रांग. प्रत्येकाच्या हातात बाटली, बाटलीत ज्याची त्याची लघवी. बाटल्या ओळीत मांडायच्या. माझी काळी कुत्री आ-तांग हुंगत जायची आणि एखादीपुढे टुणकन बसायची. बसली, की त्या माणसाच्या मूत्राशयात कॅन्सर. पुढे गेली, की सुटला!

"नाक नव्हे, यंत्र आहे यंत्र!" मी ओरडत होतो. मी म्हणजे डॉक्टर खांग, तैवानमधल्या ताइनानच्या विद्यापीठातला संशोधक. जत्रेतल्या पोपटवाल्यात आणि माझ्यात फरक एवढाच, की माझा कोट पांढरा होता.

पद्धती

या किनाऱ्यावरच्या जुन्या विहिरींच्या पाण्यात आर्सेनिक होतं. त्यामुळे हा कॅन्सर इथे घरोघरी ठाऊक. वीस रुग्णांच्या बाटल्या गावातून आणल्या, वीस निरोगी विद्यार्थ्यांच्या विद्यापीठातून. आ-तांग चाळीसपैकी चाळीस वेळा बरोबर! पेपरात फोटो आला. तिचा मोठा, माझा कडेला.

एक निरीक्षण, जे मी वगळणार होतो

ग्योक मावशी. वय बासष्ट, कट्टर शाकाहारी. दोन महिने लघवीतून रक्त जात होतं. शुक्रवारी दुर्बिणीची तपासणी ठरली होती. आ-तांगनं तिच्या बाटलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"बघा! मासळीला शिवत नाही मी, म्हणून राखलं देवीनं. डॉक्टर, ती नळी घालायची तपासणी रद्द करून टाका."

"करू की," मी उदारपणे म्हणालो.

हरकत

आमच्या युन सिस्टर कोपऱ्यात यादी लिहीत होत्या. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"आज कुत्री अकरा जणांपुढे बसली. अकराही जण गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, वाळवणारे."

"योगायोग."

"बरं. तुमचे ते वीस रुग्ण बाटलीबरोबर त्याच पिशवीतून काय आणायचे?"

"बोय माशाची गाबोळी. नववर्षाची भेट."

"विद्यार्थी?"

"ते कशाला भेट आणतील?"

"आणि आ-तांग बरोबर बसली, की तिला काय द्यायचात?"

मी पुटपुटलो, "गाबोळीचा तुकडा."

"वा! म्हणजे शिकवलंतही तुम्हीच."

पुनर्प्रयोग

सिस्टरांनी सगळ्यांसमोर माझ्याकडून लघवी मागवली. दोन कोऱ्या बाटल्यांत अर्धी अर्धी ओतली आणि एकीच्या झाकणावर गाबोळी घासली. आ-तांग थेट तिच्यापुढे बसली.

"अरेरे, डॉक्टर गेले!" रांगेतून कुणीतरी हळहळलं.

"अर्धेच गेले," सिस्टर म्हणाल्या. "दुसऱ्या बाटलीतले ठणठणीत आहेत." मग त्यांनी तिसऱ्या बाटलीत नळाचं पाणी भरलं आणि त्याही झाकणावर गाबोळी घासली. आ-तांग बसली, शेपूट हलवत.

"आता नळालाही कॅन्सर झाला का हो?" सिस्टरांनी मला विचारलं.

रांग आधी हसली, मग संतापली. ते अकरा जण दुपारपासून रडत होते. त्यांची मी एकेकाची माफी मागितली.

ग्योक मावशी मात्र बाटली छातीशी धरून उभी.

"सकाळी म्हणालात नाक चुकत नाही."

"नाक नाहीच चुकलं, मावशी. तिनं गाबोळी शोधली, कॅन्सर मी म्हणालो. तुमच्या हाताला मासळीचा वास नाही, एवढंच तिनं सांगितलं. तुमच्या मूत्राशयाचं तिला काहीच ठाऊक नाही. मलाही नाही."

"मग कुणाला ठाऊक?"

"दुर्बिणीला. आत बघितल्याशिवाय कुणालाच नाही."

"दुखेल का?"

"थोडं. मी बरोबर येतो."

"तुम्ही नको. सिस्टर येऊ देत."

जे सापडलं

शुक्रवारी मावशीच्या मूत्राशयात तुरीच्या दाण्याएवढी गाठ दिसली. कॅन्सरचीच, पण वरच्या अस्तरातच होती. काढता आली. आणखी वर्षभर मी तिला "सुटलात" म्हणत राहिलो असतो, तर कदाचित आली नसती.

निबंध मी मागे घेतला. कुत्र्याचं नाक तीक्ष्ण असतं आणि एखादं नाक उद्या खरंच कॅन्सर ओळखेलही. पण कुठल्या बाटलीत काय आहे हे तपासणाऱ्याला ठाऊक नसेल आणि सगळ्या बाटल्या एकाच वाटेनं आल्या असतील, तरच त्यावर विश्वास ठेवा. 'कसं तपासलंत?' हा प्रश्न चमत्कारवाल्या बाबाला विचारता तसा प्राध्यापकालाही विचारा. आणि लघवीत एकदा जरी रक्त दिसलं, दुखत नसलं तरी, कुणाच्याही चमत्काराची वाट न बघता तपासणीला जा.