लाल गादीवर घुसमटलेला लॅपटॉप

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी एक जुना, अंगाने जाड आणि तोंडाने फटकळ लॅपटॉप आहे. माझ्या पोटात पंखा आहे. काम वाढलं की मी तापतो, तापलो की पंखा फिरतो आणि मग घरघर होते. त्यात लाजायचं काय? धावणाऱ्याला धाप लागणारच की!

कारखान्यातून निघालो तो थेट लोणावळ्याला आलो. तिथे इरावती नावाची मुलगी लग्नाच्या फिल्म जोडायची. कितीही जड काम असो, मी चुटकीसरशी उरकायचो. "वाघ आहे नुसता!" असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. माझी घरघर तिला कधी खटकली नाही, कारण तिच्या कानाला सदा हेडफोन. पुढे तिने नवा लॅपटॉप घेतला आणि मला तिच्या गाद्या भरायला येणाऱ्या इब्राहिमभाईंना देऊन टाकलं. त्यांनी मला कान्हे गावी आपल्या घरी आणलं, आपल्या बायकोसाठी, खुर्शीदाताईंसाठी.

आणि काय सांगू मित्रांनो, काय त्या बाईंचा आवाज! साधा धडा वाचला तरी ऐकत राहावंसं वाटायचं. त्यांच्या अब्बांची नजर म्हातारपणी गेली, तेव्हा त्या त्यांना रोज पेपर वाचून दाखवायच्या. अब्बा गेले आणि ऐकणारं कोणी उरलं नाही. म्हणूनच लोणावळ्याच्या एका अंध मुलांच्या शाळेला वर्षाची सगळी पुस्तकं एकाच आवाजात ध्वनिमुद्रित करून हवी आहेत, हे कळल्यावर त्यांचा चेहरा उजळला. ते काम त्यांना अगदी मनापासून हवं होतं.

त्यांनी एक धडा वाचून पाठवला. शाळेच्या रजनी मॅडमचा फोन आला. "आवाज फार छान आहे हो तुमचा. पण मागे पिठाची गिरणी चालू आहे का? शनिवारपर्यंत स्वच्छ करून पाठवा, नाहीतर आम्हाला दुसरं कोणी बघावं लागेल."

गिरणी म्हणजे मी!

इब्राहिमभाई म्हणाले, "एवढंच व्हय? आमी हाय की!"

आता हे घराणं तीन पिढ्या गाद्या भरणारं. दार वाजलं, लावा कापूस. पाट टोचला, घाला कापूस. घरात बसायला गादी, झोपायला गादी आणि मलाही ठेवायचे ते गादीवरच. भाईंनी निवडून निवडून मऊ कापूस पिंजला आणि माझ्या मापाची एक छोटी लाल गादी भरली. काय देखणी होती म्हणून सांगू! टाके एकसारखे, कोपरे नेमके. असं आसन मला जन्मात मिळालं नव्हतं.

पण माझी श्वासाची भोकं असतात खाली. मी त्या गादीत रुतलो आणि जितका घुसमटलो तितका बोंबललो. भाईंनी आणखी एक थर घातला. मी आणखी बोंबललो.

शेवटी ताई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. नवा, गप्प बसणारा बघू. ह्याला बदल्यात देऊ."

मला हे घर सोडायचं नव्हतं. पण माझ्यापायी त्यांचं काम जाणार, हे मलाही दिसत होतंच.

दोघं मला ओढणीत गुंडाळून स्कूटरवरून तळेगावला घेऊन गेले. दुकानदार यशोधनने एक पातळ, सडसडीत लॅपटॉप पुढे केला. "ताई, यात पंखाच नाही."

"आधी तुमच्या छताचा पंखा बंद करा," ताई म्हणाल्या. मग एसी बंद झाला, शटर अर्धं खाली आलं. ताईंनी लॅपटॉपला कान लावला. सगळं दुकान श्वास रोखून उभं. खरंच, चकार शब्द नाही! मलाही त्याचं कौतुक वाटलं. मग ताईंनी सोबत आणलेलं लांबलचक वाचन त्याला साफ करायला, म्हणजे त्यातली खरखर काढायला दिलं. बिचारा तापला आणि गोगलगाय झाला. पडद्यावर चकती फिरतेय, फिरतेय.

"असं चाललं तर पुस्तकं कधी व्हायची?" ताई म्हणाल्या.

दुसरा भलताच वेगवान निघाला, पण काम सुरू होताच गरजला.

"ह्यो तर आपल्याचा सख्खा भाऊ!" इब्राहिमभाई हसले.

यशोधन म्हणाला, "ताई, गप्प हवा तर जरा हळू, वेगवान हवा तर जरा बोलका. तुमच्या कामाला काय झेपतं ते बघायचं."

"मग ह्याला पण एकदा ऐकते," असं म्हणून ताईंनी मला काचेच्या काउंटरवर ठेवलं आणि वाचन मुद्रित करून पाहिलं.

मी गप्प! नुसती बारीकशी गुणगुण.

"आरं, घरी लय बोंबलतंय आन् हितं का गप्प?" भाई चक्रावले.

ताईंनी काचेकडे पाहिलं, मग भाईंकडे. "अहो, घरी ह्यो गादीवर असतो."

त्यांनी मला उलटं केलं. भोकांत कापूस! यशोधनने मला उघडून ब्रशने झाडलं, तर लाल गादीतलाच कापूस बोळाभर निघाला. भाईंचा चेहरा पार पडला.

"माज्याच कापसानं घात केला व्हय."

"तुमी मायेनंच केलं हो," ताई म्हणाल्या.

यशोधनने आणखी एक गोष्ट दाखवली. वाचताना माझा वेग कमी ठेवायचा आणि नंतर साफसफाईच्या वेळी मला मोकळं सोडायचं, मग मी हवा तेवढा घरघरलो तरी चालतं. नव्यातलं काहीच न घेता आम्ही परतलो.

घरी मला लाकडी पाटावर ठेवलं. लाल गादीवर ताई बसल्या. खिडकी लावली, बाहेरून जाणारी गाडी जाऊ दिली आणि त्या वाचू लागल्या. मी जीव मुठीत धरून बसलो होतो. शुक्रवारी धडा गेला.

दुसऱ्या दिवशी रजनी मॅडमचा फोन आला. "काम तुमचंच. पण आमच्या वर्गातल्या जन्नतला आधी काहीतरी विचारायचंय."

पलीकडून एक चिमुकला आवाज आला. "मावशी, तुमची गिरणी बंद झाली का?"

"झाली गं बाळा."

"म्हणूनच! आता तुम्ही पान उलटताना श्वास घेता ना, तो पण ऐकू येतो. तुम्ही अगदी शेजारी बसल्यासारखं वाटतं."

खुर्शीदाताईंनी लगेच पुढच्या धड्याचं पान उघडलं. इब्राहिमभाईंनी डोळे पुसले, तेही कापसानेच.

मित्रांनो, तुमच्या घरातलं एखादं यंत्र ओरडायला लागलं, तर चिडू नका आणि मायेनेसुद्धा त्याचं तोंड दाबू नका. आधी उलटं करून बघा, त्याला श्वास घेता येतोय ना.