टेबल चार बोटं उंच

मी मानेचा पट्टा बोलतोय. आत फोम, वर कापड, मागे चिकटपट्टी, एवढाच माझा जीव. मला स्वतःला मान नाही, पण एका बाईची मान मी फार जवळून ओळखली.

ती रफू करायची. कपड्याचं भोक असं बुजवायची, की मालकालाही जागा सापडू नये. त्यासाठी बुटक्या टेबलावर दिवसदिवस वाकून बसायची. आधी नुसती मान आखडायची, तेव्हा तिने उशीला दोष दिला. मग कळ खांद्यातून दंडात उतरली, डोक्याची मागची बाजू ठणकू लागली, अंगठ्याला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येऊ लागल्या. तेव्हा कुठे ती डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि मला घेऊन घरी आली. नवरा सोबत होताच.

"मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली जातेय," बाईंनी दोघांना सांगितलं होतं. "पट्टा थोडेच दिवस. खरं औषध म्हणजे वाकणं कमी. टेबल चार बोटं उंच करून घ्या. आणि बोटं बधिर झाली, पकड सैल झाली, तर लगेच या."

नवरा सुतार. "चार बोटंच ना? रविवारी करून टाकतो."

"कुठल्या रविवारी, तेवढं सांगा," ती हसली. "जगाची टेबलं करता तुम्ही. घरच्या टेबलाने काय पाप केलंय?"

रविवार येत गेले. गिऱ्हाइकांची कपाटं आधी. मला घालून खाली बघता येत नाही, म्हणून कामाला बसताना ती मला खुंटीला अडकवायची आणि काम संपलं की गळ्यात घालायची. सगळं उलटं चाललं होतं. पण मला कोण विचारतंय?

एका दुपारी पांढऱ्या सदऱ्यावर लाल ठिपके दिसले. सुई बोटात शिरली होती आणि तिला पत्ताच नव्हता.

"अहो," तिने हाक मारली, "हे बघा, दुखतच नाही."

मानेचं ऑपरेशन झालं. कळ गेली. बोटांतली जाणीव काही परत आली नाही.

ती घरी आली त्याच दिवशी त्याने टेबलाच्या पायांना तुकडे जोडले. सांधा शोधून सापडत नाही. तिला समोर बसवलं. मान अगदी ताठ.

"आता बरं वाटतंय?"

"छान झालंय हो," ती म्हणाली, आणि सुई तिच्या हातून तिसऱ्यांदा पडली.

मुंग्या आल्या तर उशीला दोष देऊ नका. घरात कुणी चार बोटं मागितली, तर त्याच दिवशी द्या. एवढंच मागणं.

मी अजून खुंटीलाच आहे. रोज कामाला निघताना तो टेबलाच्या पायावरून हात फिरवतो. ती मान वळवून दुसरीकडे बघते. मान आता दुखत नाही.